दिवसाच्या किरायाचं घर

मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी बंगलोरला. कर्ज काढून, हौसेनं बांधलेला वरचा मजला रिकामा. दिवाळीत चार दिवस दिवे लागतात, एरवी कुलूप. आपल्याकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा, प्रत्येक गल्लीत अशी दोन-तीन घरं सापडतील. मग कुणीतरी जावई नाहीतर भाचा येतो आणि मोबाइल उघडून दाखवतो, ‘‘मावशी, हे बघा, लोक फ्लॅट सजवून दिवसावर देतात. महिन्याच्या किरायात काय ठेवलंय?’’ आणि मावशीच्या डोक्यात सोफा, पडदे, टीव्ही असं सगळं फिरायला लागतं.

मैत्रिणींनो, फिरू द्या. वाईट काही नाही त्यात. पण सोफा घ्यायच्या आधी थोडं बोलू या.

पाहुणा वर्ध्याला येतो, हे तर खरंच आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेलं तिथलं वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी (मेघे) इथलं विनोबांच्या नावाचं रुग्णालय, या दोन ठिकाणी यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून रोज माणसं येतात. हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथे परीक्षेला, मुलाखतीला, चर्चासत्राला लोक येतात. आश्रम बघायला देशातले, परदेशातले येतात. सेलू तालुक्यात बोरचा व्याघ्र प्रकल्प आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचाही खुला झाला, सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा. आता मुंबईहून गाडी काढलेला माणूस दिवसात आपल्या दारात येऊ शकतो. तसाच तो न थांबता पुढे नागपूरलाही जाऊ शकतो, हेही विसरायचं नाही. रस्ता चांगला झाला की पाहुणा वाढतो असं सगळे म्हणतात. मुक्काम वाढतोच असं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, न्या. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. १९६९ नंतर संमेलन पुन्हा आपल्या गावात. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच. अशा वेळी गावाला एकदम खोल्या हव्या असतात. पण संमेलन तीन दिवसांचं असतं आणि वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट.

तसं बघितलं तर पाहुण्यांची सोय करणं हा वर्ध्याचा जुनाच उद्योग. जमनालाल बजाज यांची बजाजवाडी म्हणजे स्वातंत्र्याच्या चळवळीचं अतिथिगृहच होतं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावला (म्हणजे आजच्या सेवाग्रामला) राहायला गेले आणि अख्ख्या देशाचे पुढारी वर्धा स्टेशनवर उतरू लागले. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव केला, तोही वर्ध्यातच. ठरावाची तारीख पुस्तकात आहे. त्या पाहुण्यांच्या गाद्या कुणी घातल्या, चादरी कुणी धुतल्या, हे मात्र कुठे सापडत नाही.

आणि हल्ली ज्याचा एवढा बोलबाला आहे ते ‘एअरबीएनबी’? तेही गादीपासूनच निघालं बरं का! २००७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोन तरुणांना घराचा किराया परवडेना. शहरात एक परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या बैठकीत टाकल्या, सकाळच्या नाश्त्याची सोय केली आणि पैसे घेऊन तीन पाहुणे ठेवले. त्या पहिल्या पाहुण्यांत एक भारतीय विद्यार्थीही होता. सोफा-पडद्यांचा विचार नंतरचा. आधी पाहुण्याला काय हवं होतं? पाठ टेकायला जागा.

आपल्या गावात कोणाला काय हवं, ते बघा. जाहिरातीतला फ्लॅट असतो सुट्टीवर आलेल्या जोडप्यासाठी. पांढरा सोफा, काचेचा टीपॉय, भिंतीवर इंग्रजीत सुविचार. आपल्याकडे जो पाहुणा सगळ्यात जास्त येणार तो सुट्टीवर नाही. त्याच्या घरचं माणूस दवाखान्यात आहे. दवाखान्याच्या आवारात सतरंजीवर रात्री काढून त्याची पाठ धरलेली असते. बाईमाणूस असेल तर तिला आधी न्हाणीघर हवं असतं, आतून लागणाऱ्या कडीचं. मग धुतलेले कपडे वाळवायला दोरी, आणि पेशंटसाठी मऊ भात शिजवायला एक कुकर. नातेवाइकांसाठी मी दवाखान्यात बरीच वर्षं जाते, त्यामुळे हे सांगते. काचेच्या टीपॉयबद्दल मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

म्हणून सामान घ्यायचं तर सुरुवात पलंगापासून. लोखंडी नाहीतर सागवानी, पण उंची अशी की म्हाताऱ्या माणसाला गुडघ्याला हात न लावता उठता यावं. खाली सामानाची पेटी सरकेल एवढी जागा. डब्याचा दिवाण आतून कपाटासारखा सोयीचा असतो हे खरं, पण पाहुण्यांच्या खोलीत ढेकूण आणि धूळ तिथेच घर करतात. गादी? आपला कापसाचा जिल्हा, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या गादीची सर कशाला नाही. पण ती उन्हात टाकायला गच्चीवर न्यावी लागते, आणि रोज नवं माणूस झोपणार तर ते कोण करणार? पाहुण्यांसाठी काथ्याची पातळ गादी बरी, वर पाणी न शिरणारी खोळ, तिच्यावर चादर. आजारी माणूस कधी काय सांडेल सांगता येत नाही आणि त्याला त्याची लाज वाटू नये, एवढं त्या खोळीनं साधतं.

चादरी प्रत्येक पलंगाला तीन. एक अंथरलेली, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथी लागते. हॉटेलात पांढऱ्या असतात, कारण ते गरम पाण्यात सगळं एकत्र टाकतात आणि डाग चटकन दिसतो. आपण घरी धुणार. तेलाचा, हळदीचा डाग पांढऱ्यावरून जात नाही. गोपुरीच्या ग्रामसेवा मंडळाची खादी आहे, मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ती वर्ध्याची खूण वाटते आणि पैसा गावातल्या विणकराकडे जातो. महाग पडते, खोटं कशाला सांगू. निदान पलंगपोस तरी तिचा घ्या, आतल्या चादरी बाजारच्या चालतील.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यात वरचा मजला म्हणजे भट्टीच. मुंबईच्या पाहुण्याला एसी हवा असेल, पण विजेचं बिल बघून आपलाच जीव जाईल. कूलर बरा. मात्र कूलर लावायचा तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि शॉक लागताच वीज तोडणारं यंत्र बोर्डावर बसवून घ्या. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. घरच्यांना कुठे हात लावायचा नाही हे माहीत असतं, पाहुण्याला नसतं. त्याच्या पोरांना तर नाहीच. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासायची, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि कोपऱ्यात एक माठ भरून ठेवा. फ्रिजपेक्षा स्वस्त. ओळखीची वस्तू दिसली की परक्या गावात माणूस जरा सैल होतो.

न्हाणीघराबद्दल दोन गोष्टी. गॅसचा गीझर लावू नका. बंद न्हाणीघरात त्यातून विषारी वायू साठतो, वास येत नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. विजेचा गीझर लावा. आणि कमोडच्या बाजूला भिंतीत एक स्टीलची दांडी ठोकून घ्या, शिवाय अंघोळीला बसायला प्लॅस्टिकचा स्टूल. खर्च मामुली, पण ऑपरेशन झालेल्या माणसासाठी तीच खोली निवडली जाते. गुळगुळीत चकचकीत फरशी मात्र नको.

स्वयंपाकाला विजेची शेगडी ठेवा. घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, आणि अनोळखी हातात गॅस देणं तसंही धोक्याचंच. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, दोन पातेली, चहाचं भांडं, गाळणी, चार ताटं, चार वाट्या. मिठा-साखरेचे डबे भरलेले. बस्स.

आता हिशेब. हा भाग भाच्याच्या मोबाइलमध्ये नसतो.

समजा, तुमच्या दोन खोल्यांना महिन्याच्या किरायानं ६ हजार मिळतात. (आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.) दिवसावर दिल्या तर ६०० रुपये रोज. महिन्यात १४ दिवस पाहुणा मिळाला तर ८४०० रुपये. वा! पण आता विजेचं बिल तुमचं, धरा १२००. झाडू-पोछा, चादरी धुवायला बाईला ७००. साबण, फिनाइल, चहा-साखर ४००. इंटरनेट ५००. फुटलं-तुटलं ३००. झाले ३१००. उरले ५३००. पलंग, गाद्या, कूलर, भांडी मिळून ९० हजार घातले असतील आणि ते पाच वर्षं टिकतील असं धरलं, तर महिन्याला दीड हजार त्याचे. हातात ३८००. म्हणजे महिन्याच्या किरायापेक्षा बावीसशे कमी, आणि वर रात्री अकराला किल्ली द्यायला उठायचं ते वेगळं. महिन्याचे वीस दिवस भरले तर खर्च वाढून ४१०० होईल, दीड हजार सामानाचे जातील, आणि ६४०० उरतील. इतक्या खटाटोपानंतर चारशे रुपये जास्त.

मग कुणाला परवडतं? ज्यांची जागा कुलूप लावून पडली आहे, महिन्याचा किरायेदार नकोच आहे, आणि दिवाळीत-मेमध्ये मुलांसाठी ती मोकळी हवी आहे, त्यांना. सामान बरंचसं घरातलंच असेल तर आणखी बरं. पण या धंद्यासाठी म्हणून मुद्दाम फ्लॅट विकत घेणं, किंवा बचतगटाचं कर्ज उचलून सोफासेट आणि मोठा टीव्ही आणणं याला मी स्पष्ट नाही म्हणेन. गटाच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला असतो. पाहुणा दर महिन्याला नसतो.

त्या हिशेबात एक रक्कम मी घातलीच नाही, लक्षात आलं? घरच्या बाईचे तास. एक पाहुणा गेला की दुसरा येईपर्यंत चादरी बदलणं, केर काढणं, भांडी मोजणं यात दोन तास सहज जातात. बाई लावली तरी मागे उभं राहावं लागतं. आणि पैसे? ते बहुतेक घरी ‘ह्यांच्या’ खात्यात येतात, कारण मोबाइलवर नोंदणी ह्यांनी केलेली असते. राबणार ही, मालक ते. इथे जरा हटून बसा असं मी सांगेन. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंद असलेल्या, महिलेच्या मालकीच्या व्यवसायासाठी बँकेनं दिलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज त्यात सरकार परत करतं. १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. हप्ते मात्र वेळेवर भरलेले हवेत. म्हणजे नाव तुमचं असण्याचा रोख फायदा आहे. नवऱ्याला सांगायला हे कारण पुरेसं आहे, बाकीची कारणं नंतर सांगू.

आणि ज्या बाईला आपण चादरी धुवायला लावतो, तिचं काय? आपल्या घरची धुणी-भांडी करते तीच ना, मग वरचं पण करून टाकेल, असं धरून चालू नये. ते वेगळं काम, वेगळे पैसे. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. तिची नोंदणी झालीय का, तेवढं विचारा तरी.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या. वीज घरगुती दरानं चालेल की धंद्याच्या, ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा. पाहुण्याचं नाव-पत्ता, ओळखपत्र वहीत नोंदवा. आधारची प्रत घेणार असाल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार मागा, तेही चालतं, आणि ती प्रत चहाच्या डब्याखाली ठेवायची वस्तू नाही. पाहुणा परदेशी असेल, आणि सेवाग्राममुळे आपल्याकडे तो येऊ शकतो, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरणं बंधनकारक आहे. पोलिस ठाण्यात एकदा जाऊन हे सगळं समजून घ्या. घाबरायचं काही नाही.

कॅमेऱ्याचं पण ऐका. जिन्यावर, फाटकावर लावा आणि पाटी लावून सांगा. खोलीत, न्हाणीघरात कदापि नको. बाईला तिच्या नकळत असं पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घरातली तरुण मुलं ‘सुरक्षेसाठी’ म्हणून काय बसवतात, त्यावर आपलं लक्ष हवं.

आता तो नाजूक प्रश्न, जो प्रत्येक बैठकीत कुणीतरी हळूच विचारतं. लग्न न झालेलं जोडपं आलं तर? कोइमतूरमध्ये असाच दिवसावर द्यायचा फ्लॅट अधिकाऱ्यांनी या कारणावरून बंद केला होता. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्यात गुन्हा नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये ‘ओयो’नं मेरठपासून सुरुवात करून अशा जोडप्यांना नाकारायची मुभा हॉटेलांना दिली. म्हणजे कायदा एका बाजूला, बाजार दुसऱ्या बाजूला. तुमच्या घरी कुणाला ठेवायचं हे तुम्ही ठरवणार. पण एकटी बाई रात्री दवाखान्यातून आली आणि ‘सोबत कुणी नाही का?’ म्हणून तिला दार लावलं, याला मी सावधपणा म्हणत नाही.

आडनाव विचारून दार लावण्याला तर मुळीच नाही. ‘जागा आहे’ असं फोनवर सांगायचं, नाव ऐकलं की ‘अगंबाई, आत्ताच भरली!’ हे आपल्या गावात चालतं, तुम्हालाही माहीत आहे, मलाही. कारण काय, तर म्हणे सोवळं, म्हणे मटण शिजवतील. मटणाचा वास नको असेल तर तशी पाटी लावा, सगळ्यांसाठी सारखी. ज्या वर्ध्यात १९२८ साली जमनालालजींनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर दलितांना खुलं केलं, तिथे दोन खोल्यांचा दरवाजा आडनावावर उघडायचा? देवळात येऊ दिलेल्या माणसाला पैसे घेऊन गादीसुद्धा द्यायची नाही? पेशंटच्या बाबतीत तर हे सरळसरळ क्रूर आहे. रात्री नऊ वाजता आईची फाईल हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराला तिसऱ्या घरी ‘भरली’ ऐकू येतं, तेव्हा त्याला कारण कळत नाही असं समजू नका.

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे अजून कुणी बोलत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरानं जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिवसावर दिले जाणारे सगळे फ्लॅट नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करणार. दहा हजारांच्या वर फ्लॅट आहेत ते. कारण? गावातल्याच माणसांना राहायला घर मिळेना, किराये आभाळाला भिडले. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून कडक नियम लावले. वर्धा काही बार्सिलोना नाही, उगाच भीती घालत नाही. पण सेवाग्राम आणि सावंगीच्या आसपास नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर, कंत्राटी कर्मचारी राहतात. पाच-सहा हजारांची खोली त्यांना लागते. ती दिवसावर गेली तर या मुली लांब जातील, आणि रात्रपाळी संपवून अंधारात लांब जायचं म्हणजे काय, हे मुलींच्या आयांना सांगायला नको.

आमच्या गटातल्या एका ताईंचं यावर बरंच दिवस चाललं होतं. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, मुलगा नाशिकला. मुलाचं म्हणणं, तिन्ही सजवून दिवसावर द्या, मी जाहिरात टाकतो. ताईंनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. दोन खोल्या नर्सिंगच्या दोन मुलींना महिन्यानं दिल्या, त्यात बँकेचा हप्ता निघतो. जिन्याजवळची एक खोली पाहुण्यांसाठी ठेवली. पलंग घरातलाच, गादी नवी, न्हाणीघरात दांडी ठोकून घेतली. सोफा घेतला नाही. पाटी मराठीत आणि हिंदीत लावली आहे. तिच्यावर खोलीचा दर, पाणी येण्याची वेळ, आणि खाली अॅम्ब्युलन्सचा १०८, पोलिसांचा ११२ आणि महिला मदतीचा १८१. नोंदणीचा अर्ज ताईंच्या नावानं गेला आहे. मुलगा म्हणतो, फोटो चांगले येत नाहीत. ताई म्हणतात, येऊ दे कसे यायचे ते, आधी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून आण, मार्च लागला.